चित्र छापून येईपर्यंत

इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी आजीचं एक चित्र काढलं होतं. ओसरीवर बसून ती सुपात तांदूळ पाखडतेय, असं. पेन्सिलचं शेडिंग होतं. गालावरच्या सुरकुत्या, लुगड्याच्या चुण्या, सुपाची वीण... सलग चार रविवार घातले होते त्यात. मोठ्या हौसेनं कॉलेजच्या वार्षिक अंकात छापायला दिलं. अंक हातात आला, पान उघडलं, तर आजीच्या जागी एक काळा डाग आणि त्या डागाला फुटलेला एक हात! अर्धा गाल पांढराफटक, अर्धा डांबरासारखा. मित्र म्हणाले, "पोत्याचं चित्र झकास आलंय रे." अंकाचं काम बघणाऱ्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "छापल्यावर असंच येतं." मूळ चित्र छापखान्यात गेलं ते परत आलंच नाही. त्यानंतर मी पेन्सिल फारशी हातात घेतली नाही. सबमिशन्स, कॅम्पस इंटरव्ह्यू, नोकरी... कारणं काय, शोधली की सापडतात.

आजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. असो.

हे सगळं परवा आठवायचं कारण म्हणजे सत्यजित राय यांच्या बालपणीच्या आठवणींचं पुस्तक. (आपल्याकडे 'रे' म्हणतात, पण आज सगळ्या घराण्याबद्दलच बोलायचंय, तेव्हा बंगाली उच्चार बरा.) पुस्तक हातात घेतलं ते सिनेमासाठी. अडकलो मात्र त्यांच्या आजोबांपाशी आणि वडिलांपाशी. दोघंही मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायचे. आणि आजोबांच्या बाबतीत तर थेट माझ्यासारखाच प्रसंग घडला होता, शंभरेक वर्षं आधी. फरक एवढाच की पुढे त्यांनी जे केलं ते मी केलं नाही.

आजोबांचं नाव उपेंद्रकिशोर रायचौधुरी. जन्म १८६३ चा, तेव्हाच्या मयमनसिंह जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या बांगलादेशातला. मूळ नाव कामदारंजन. पाचेक वर्षांचे असताना एका जमीनदार नातेवाइकाने दत्तक घेतलं आणि नाव बदललं. शिकायला कलकत्त्याला आले, ब्राह्मो समाजात गेले, व्हायोलिन आणि पखवाज वाजवायला लागले, लहान मुलांच्या मासिकांत लिहायला लागले. (त्यांच्या सासरची एक गंमत सांगतो. बायकोची सावत्र आई म्हणजे कादंबिनी गांगुली. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्याच वर्षी या कलकत्त्यात झाल्या.)

१८९० च्या दशकात उपेंद्रकिशोरांनी मुलांसाठी रामायण लिहिलं आणि त्याची चित्रंही स्वतःच काढली. पुस्तक छापून आलं आणि चित्रांची पार वाट लागलेली. ती वाट का लागली हे नीट सांगतो, कारण ते कळलं तेव्हा मला माझ्या काळ्या डागाचाही उलगडा झाला.

हाताने काढलेल्या चित्रात काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या अनंत छटा असतात. छापखान्याची शाई मात्र एकच, काळी. कागदावर एका जागी ती लागते किंवा लागत नाही. वन किंवा झिरो, मधलं काही नाही. मग राखाडी छापायचा कसा? तेव्हाचा नेहमीचा उपाय म्हणजे लाकडी ठसा. चित्र लाकडाच्या ठोकळ्यावर उतरवायचं आणि कारागिराने हत्यार घेऊन ते कोरायचं. राखाडी जागा त्याने बारीक रेघा पाडून दाखवायची. म्हणजे तुमचं चित्र दुसराच माणूस लाकडात पुन्हा काढणार. त्याचा हात चांगला असला तर ठीक, नाहीतर रामाचा चेहरा त्याच्या मर्जीवर.

दुसरा उपाय युरोपात नुकताच रुळत होता, तो म्हणजे हाफटोन. मूळ चित्राचा मोठ्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा, पण कॅमेऱ्यात काचेच्या निगेटिव्हच्या किंचित पुढे आणखी एक काच बसवायची. तिच्यावर उभ्या-आडव्या, अगदी बारीक रेघांची जाळी, इंचाला साधारण शंभर रेघा. प्रकाश त्या जाळीतून येताना त्याचे ठिपके होतात. जिथे चित्र गडद तिथे छपाईत ठिपके मोठे, जिथे उजळ तिथे बारीक. मग ते तांब्याच्या पत्र्यावर उतरवायचं, मधला भाग रसायनाने खाऊ द्यायचा, उंच राहिलेल्या ठिपक्यांचा पत्रा लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीचा ब्लॉक करायचा आणि जुळवलेल्या मजकुराबरोबरच छापायचा. शाई काळीच, पण डोळ्याला लांबून राखाडी दिसतं. भिंग घेऊन वर्तमानपत्रातला फोटो बघा, ठिपके दिसतील.

माझ्या आजीला जाळीतून जाऊच दिलं नव्हतं! कोणीतरी ते चित्र रेघांचं समजून सरळ काळं-पांढरं केलं. एका मर्यादेपेक्षा गडद ते सगळं काळं, बाकी सगळं पांढरं. आम्ही प्रोग्रॅमर लोक याला थ्रेशोल्डिंग म्हणतो, आणि त्यातली वाईट गोष्ट म्हणजे ते उलटं फिरवता येत नाही. मधली माहिती गेली की गेली.

उपेंद्रकिशोरांनी काय केलं? लंडनच्या पेनरोज कंपनीकडून पुस्तकं, कॅमेरा, स्क्रीन आणि बाकी सामान मागवलं आणि १८९५ च्या सुमारास राहत्या घरातच ब्लॉक बनवायचं काम सुरू केलं. शिकवायला कोणी नाही. विलायतेला ते आयुष्यात कधी गेले नाहीत. पैसा होता, हे खरं. वाट्याला जमीनदारी आली होती आणि ती त्यांनी या यंत्रांत घातली. आपल्यासारख्या पगारी माणसाने आपल्याला जमलं नाही म्हणून फार शरमायचं कारण नाही. पण पैसा असलेले जमीनदार बंगालात शेकड्याने होते, आणि त्यातल्या एकालाच ठिपका मोठा का होतो याचं गणित मांडावंसं वाटलं, हेही खरंच.

कारण हाफटोनमध्ये सगळी मेख होती ती जाळी आणि निगेटिव्ह यांच्यामधल्या अंतरात. ते जरा चुकलं की चित्र गढूळ. भलेभले छापखानेवाले अंदाजाने, चुकत-माकत जमवायचे. उपेंद्रकिशोरांनी प्रकाशशास्त्र लावून ते सोडवायला घेतलं. स्क्रीन कशी फोकस करावी, ठिपका तयार कसा होतो, विवर्तनाचा त्यावर काय परिणाम होतो, साठ अंशांत रेघा असलेली जाळी वापरली तर काय, अशा विषयांवर त्यांचे लेख १८९७ पासून पुढची पंधराएक वर्षं पेनरोजच्या वार्षिकात छापून येत होते. छपाईच्या धंद्यात त्या वार्षिकाला जगभर मान होता. म्हणजे कलकत्त्याच्या एका गल्लीतला, मुलांसाठी माकडं आणि राक्षस काढणारा माणूस लंडनवाल्यांना त्यांचंच तंत्र समजावून सांगत होता. मुळात हवं काय होतं, तर आपण काढलेला हनुमान पोराच्या हातात जसाच्या तसा पडावा!

एक जोडी मला राहून राहून आठवते. साधारण त्याच काळात आपल्याकडे एक गृहस्थ बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी आणि छपाईचं तंत्र शिकत होते. पुढे त्यांनी लोणावळ्याला ब्लॉकचा आणि छपाईचा कारखाना काढला, रंगीत छपाईची यंत्रं बघायला १९०९ साली जर्मनीला जाऊन आले, भागीदारांशी बिनसल्यावर तो धंदा सोडला. धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला ३ मे १९१३ ला. आणि उपेंद्रकिशोरांच्या 'संदेश' या मुलांच्या मासिकाचा पहिला अंक बंगाली सन १३२० च्या वैशाखातला, म्हणजे १९१३ च्या एप्रिल-मेमधलाच. दोघंही चित्राच्या मागे लागून यंत्रापर्यंत गेलेली माणसं. १९८४ सालचा फाळके पुरस्कार उपेंद्रकिशोरांच्या नातवाला मिळाला, तेव्हा हा धागा कोणाच्या लक्षात आला होता का कोण जाणे.

'संदेश' म्हणजे बंगालीत बातमी आणि मिठाई, दोन्ही. मुलांच्या मासिकाला याहून चांगलं नाव काय असणार! मासिक चालवणं म्हणजे दर महिन्याला रिलीज. गोष्ट लिहा, कोडं बनवा, पुराणातली एखादी कथा आणि विज्ञानाचा लेख घाला, सगळ्याला चित्रं काढा, चित्रांचा फोटो काढा, ब्लॉक करा, प्रूफ बघा, छापा, आणि अंक गेला की पुढच्या महिन्याचं सुरू. उपेंद्रकिशोर हे सगळं घरातल्या लोकांना हाताशी घेऊन करत. त्यांची मुलंही लिहायची, चित्रं काढायची. चित्रकाराचा दिवस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खिडकीपाशी बसलेला, हरवलेल्या नजरेचा कोणीतरी येतो. इथे दिवसाचा मोठा भाग काचा, ॲसिड, शाई आणि तारखा यांत जात असणार. आणि यातच 'गुपी गाइन बाघा बाइन' ही गोष्ट १९१५ साली 'संदेश'मध्ये आली. नातवाने १९६९ साली तिचाच सिनेमा केला.

१९१४ च्या सुमारास सगळं बिऱ्हाड १०० गडपार रोडवरच्या नव्या घरात आलं. घराचा आराखडा उपेंद्रकिशोरांनी स्वतः केलेला. पुढच्या बाजूला खाली छपाईची यंत्रं, वरच्या मजल्यावर ब्लॉक आणि खिळे जुळवायचं काम, मागच्या बाजूला कुटुंब. पण या घराचं सुख त्यांना फार लाभलं नाही. मधुमेह होता आणि इन्सुलिन यायला अजून काही वर्षं होती. २० डिसेंबर १९१५ ला ते गेले, बावन्नाव्या वर्षी.

'संदेश' आला थोरल्या मुलाकडे. सुकुमार राय. फिजिक्स आणि केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेला माणूस. १९११ साली शिष्यवृत्ती मिळवून विलायतेला गेले ते छपाईच शिकायला, आधी लंडन आणि मग मँचेस्टर. १९१३ साली परत आले तेव्हा 'संदेश' सुरू झालेलं होतं. चित्रकलेचं रीतसर शिक्षण मात्र कुठेच घेतलेलं नाही.

सुकुमारांच्या कविता म्हणजे अचाट प्रकार. १९१५ च्या सुरुवातीला 'संदेश'मध्ये त्यांची प्राण्यांच्या खिचडीची कविता आली. त्यात एक 'हाँसजारू' आहे. हाँस म्हणजे बदक आणि सजारू म्हणजे साळिंदर, दोन्ही शब्द एकमेकांत घुसवलेले. बगळा आणि कासव मिळून एक, हत्ती आणि देवमासा मिळून एक. शब्दात हे सोपं आहे हो, एक अक्षर सामायिक सापडलं की झालं. पण चित्रात? पिसं कुठे संपवायची आणि काटे कुठे सुरू करायचे? सांधा दिसला तर तो प्राणी नाही, नुसती चिकटवाचिकटवी. सुकुमारांचा हाँसजारू बघताना असं वाटतं की हा असतोच, आपल्यालाच अजून भेटला नव्हता. शिवाय ते काळ्या रेघांत काढत. छपाई पोटातून माहीत असलेल्या माणसाची ती रेघ आहे. शाईने काय होईल आणि काय होणार नाही, हे त्यांना कागदावर टेकायच्या आधीच ठाऊक होतं.

१९२१ साली त्यांना काळा आजार झाला. त्याच वर्षी २ मे ला मुलगा झाला, सत्यजित. काळ्या आजारावर तेव्हा खात्रीचा इलाज नव्हता. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी युरिया स्टिबामाइन त्याच कलकत्त्यात शोधलं होतं, पण ते सर्रास वापरात यायला वेळ लागला. सुकुमार अडीच वर्षं आजारी होते. आणि या अडीच वर्षांत काम चालूच. 'हजबरल' हे नवलाचं पुस्तक याच काळातलं. कवितांचं पुस्तक काढायचं ठरलं, 'आबोल ताबोल'. जुन्या कविता निवडणं, काही चित्रं नव्याने काढणं, मुखपृष्ठ, कुठल्या पानावर काय येणार याची मांडणी, सगळं अंथरुणावरून.

हवापालटासाठी म्हणून त्यांना गंगेकाठी सोदपूरला नेलं होतं. सत्यजितांना वडिलांची म्हणून जी आठवण आहे ती तिथली. वडील खिडकीपाशी बसून चित्र काढतायत आणि मध्येच मुलाला सांगतात की जहाज चाललंय बघ. मुलगा अंगणात धावतो आणि भोंगा वाजवत जाणारी बोट बघतो. बस, एवढंच. बापाची आठवण म्हणून आयुष्यभर पुरवायला एवढीच, आणि त्यातही बाप चित्रच काढत होता. मी इथे पुस्तक मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

ऑगस्ट १९२३ च्या शेवटी रवींद्रनाथ त्यांना भेटायला आले आणि उशाशी बसून गायले. १० सप्टेंबरला सुकुमार गेले. वय पस्तीस. 'आबोल ताबोल' प्रकाशित झालं १९ सप्टेंबरला. नऊ दिवस! पुस्तकाची कच्ची प्रत त्यांनी पाहिली होती, छापलेलं पुस्तक मात्र हातात आलं नाही. चित्र डोक्यातून निघून पोरांच्या हातात पडेपर्यंतची प्रत्येक पायरी ज्याला येत होती, नेमका त्यालाच शेवटची पायरी बघायला मिळाली नाही.

पुढचं थोडक्यात. 'संदेश' धाकट्या भावाने काही काळ चालवून पाहिलं, पण धंदा बसला आणि १९२७ साली यू. राय अँड सन्सचं सगळं संपलं. विधवा आई आणि सहाएक वर्षांचा सत्यजित मामाच्या घरी राहायला गेले. तोवरच्या गडपारच्या आठवणी त्यांनी लिहिल्यात. मुलगा काहीतरी गिरगटलेलं चित्र घेऊन ब्लॉक विभागात जायचा आणि कॅमेऱ्यावरच्या माणसाला गंभीरपणे सांगायचा की हे 'संदेश'साठी आहे. तोही तितक्याच गंभीरपणे मान डोलवायचा आणि मुलाला उचलून कॅमेऱ्याच्या काचेवर उमटलेली उलटी प्रतिमा दाखवायचा. टर्पेंटाइनचा वास आला की आपल्याला तो विभाग दिसतो, असं सत्यजित म्हणतात. मला वाटतं, त्या घरातल्या कामगारांचा इतिहास कोणी लिहिला नाही, पण 'छापल्यावर असंच येतं' असं म्हणणारा त्यांच्यात टिकला नसता.

सत्यजित १९४३ साली महिना ८० रुपयांवर जाहिरात कंपनीत चिकटले. (दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात आवडीचं काम. ओळखीचं वाटतं ना?) सिग्नेट प्रेससाठी पुस्तकांची मुखपृष्ठं आणि चित्रं करायला लागले. त्यातच 'पथेर पांचाली'च्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं आली. अपू आणि दुर्गा त्यांनी आधी कागदावर पाहिले, १९५५ साली पडद्यावर. आणि १९६१ साली, जगभर नाव झाल्यावर, सुभाष मुखोपाध्याय यांच्या बरोबरीने 'संदेश' पुन्हा सुरू केलं. अंक भरायचा तर मजकूर हवा, म्हणून गोष्टी लिहायला लागले. प्रोफेसर शंकू आणि फेलुदा हे दोघं असे 'संदेश'साठी जन्मले आहेत, चित्रांसकट. एवढा मोठा दिग्दर्शक महिन्याच्या महिन्याला बसून मुलांच्या अंकाची चित्रं काढतोय, हे आजोबा-वडिलांचं बघितल्यावर अजिबात नवल वाटत नाही. घरात हेच तर चालायचं.

तर गेला आठवडाभर माझ्या डोक्यात हे घर फिरतंय. माझी तक्रार अशी होती की माझं चित्र दुसऱ्याने बिघडवलं. ते खरंच आहे. पण ते कसं बिघडलं, हे विचारायलाही मी कधी त्या छापखान्यात गेलो नाही. कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर होता. गेलो असतो तर निदान मूळ कागद तरी मिळाला असता.

शनिवारी दुकानात जाऊन पेन्सिली आणि एक वही आणली. आजीचं चित्र पुन्हा काढायला बसलो. चेहरा आठवतोय. हात बऱ्यापैकी जमतायत, पहिली तीन पानं नुसती हातांचीच आहेत. पण सुपाची वीण काही केल्या आठवेना. शेवटी आईला फोन केला. ती म्हणाली, "अरे, आजीचं सूप अजून माळ्यावर आहे. दिवाळीला आलास की काढून ठेवते."